एक्केचाळीस नंबरचा फ्रॉक

“पोरी आहेत की भोपळ्याचे वेल? परवा दुमड सोडली, आज परत गुडघे उघडे,” सुईत दोरा ओवता ओवता मेट्रनबाई पुटपुटल्या. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. म्हणजे मला ऐकू यावं म्हणूनच. बोर्डिंगातला माझा तो पहिला शनिवार.

मिशनने आम्हा नवराबायकोला तिथे धाडलं होतं. हे गणित शिकवणार, मी वाचन आणि शिवण. माझ्याआधीच्या तिघी सहा महिन्यांच्या आत ट्रंक उचलून गेल्या होत्या, कारण तिघींचंही मेट्रनबाईंशी जमलं नव्हतं. आम्हाला परत जायला घर उरलं नव्हतं. तेव्हा बाईंना दुखवायचं नाही, एवढी गाठ मी पदराला बांधून आले होते.

शनिवारी दुपारी उपासनेच्या खोलीत मुलींची गाण्यांची तालीम चाले आणि मागच्या व्हरांड्यात आम्ही दोघी धुऊन वाळलेले कपडे नीट करायचो. साबणाचा आणि उन्हाचा तो वास अजून कुठे आला की मी चालता चालता थांबते. प्रत्येक कॉलरला आतून लाल दोऱ्याने मुलीचा नंबर घातलेला असे. मुली चाळीस.

टोपलीच्या तळाशी एक इवलासा फ्रॉक निघाला. नंबर एक्केचाळीस.

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघींनीही माना खाली घातल्या.

एकटी बाई. असेल एखादी गेलेली भाची, नाहीतर तापात दगावलेली कुणी विद्यार्थिनी. दुःख टांगायलाही माणसाला खुंटी लागते. मी काही न विचारता तुटलेलं बटण लावलं. बाईंचा चेहरा असा काही मऊ झाला, की त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, “ट्रंक रिकामी करा. आपण राहतोय.”

फ्रॉक दर शनिवारी यायचा. कधी कोपराला शाई, कधी घेराला गवताचे डाग, एकदा खिशात अर्धवट चघळलेली पेन्सिल. बाई स्वतःच करत असतील, मी मनाची समजूत घालायची. दर वर्षी शाळेचं नवं कापड आलं, की चाळीस फ्रॉकांबरोबर तोही नवा व्हायचा, चार बोटं मोठा. बाई एकट्याच तो कधी बेततात, हे मी विचारलं नाही. दुमड मात्र कधी त्या सोडायच्या, कधी मी. हळूहळू मी त्याला जरा जास्तच बारीक टाके घालू लागले. काखेत उसवला की मनात रागवायची, कुठे चढली होतीस गं?

सहा वर्षं अशीच गेली. बाई मला ‘अगंतुगं’ करू लागल्या. सख्खी थोरली बहीण मिळावी तसं झालं.

मग मिशनच्या मोठ्या साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. “सोमवारी नवी मुलगी येतेय. नंबर एक्केचाळीस.”

“दुसरा नाही का देता येणार, साहेब?”

“चाळीसनंतर काय येतं ते घरी विचारा. गणिताचे मास्तर आहेत तुमचे.”

बाईंच्या काळजाला हे कसं सोसायचं, या विचाराने मला जेवण गेलं नाही. शनिवारी मी धीर केला.

“बाई, नव्या पोरीला बेचाळीस देऊ. साहेबांना मी समजावते.”

“मीही तेच म्हणणार होते.” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “तुझा जीव आहे गं त्यात. पहिल्याच दिवशी तू तो टोपलीत ठेवलास, तेव्हाच ओळखलं मी. गेलेली लेक असणार. म्हणून कधी विचारलं नाही.”

सुई माझ्या हातात तशीच राहिली.

“मी नाही ठेवला, बाई. मला मूलच झालं नाही.”

आत गाणं थांबलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“मला वाटलं, तुमची कुणी,” मी म्हणाले.

“माझं कोण असणार?”

“मग नवे फ्रॉक?”

“तू बेततेस ना?”

मी नकारार्थी मान हलवली. फ्रॉक आम्हा दोघींच्या मांडीवर पसरला होता. तो घालणारी पोर माझ्या खांद्याला लागली असती. छातीवर यंदा दोन चुण्या होत्या, पोर वयात येताना घालतात तशा. त्या मी घातल्या नव्हत्या.

बाईंनी त्या चुण्यांवरून हळूच बोट फिरवलं.

“मग सहा वर्षं,” त्या म्हणाल्या, “आपण मोठं कुणाला केलं गं?”