आईंचे पाय

सुट्टीचा दुसरा दिवस. सकाळी सूनबाई सासूबाईंसाठी रबरी चपला घेऊन आली, तर नवरा लॉजच्या दारात रिक्षा थांबवून उभा.

"आई कुठे आहेत?"

"झोपलीय. म्हणाली, तुम्ही फिरून या. चल, चार वाजेपर्यंत सगळं उरकायचंय."

उरकायचंय! समुद्र काय भांडी होता उरकायला? तिच्या कपाळाची शीर तडतडली. सासूबाईंनी साऱ्या जन्मात स्वतःसाठी देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, एकदा समुद्रात पाय बुडवायचे. काल त्या किनाऱ्याकडे निघाल्या, तर हा म्हणाला, "तुझ्या चालीनं सुट्टी संपेल, आई." म्हातारी कसंनुसं हसली होती.

दीपगृह झालं, मत्स्यालय झालं. नवरा मोबाइलवरच्या यादीत खुणा करत पुढे, ही चपलांची पिशवी घेऊन मागे. संध्याकाळी मी स्वतः नेते आईंना, हात धरून. याला विचारतंय कोण!

चारच्या सुमाराला ते किनाऱ्यावर आले. नवरा फोटो काढण्यात गुंग झाला. ती घोटाभर पाण्यात उतरली आणि उजव्या हातात कुणीतरी हात दिला.

सुरकुतलेला, गार हात.

"किती गार आहे गं पाणी..." अगदी कानाशी.

"आई?"

शेजारी कुणी नव्हतं. लाट ओसरली. तिच्या पावलांलगत ओल्या वाळूत आणखी दोन पावलं रुतलेली, अनवाणी, अंगठे आत वळलेले. ते अंगठे तिनं रोज पाया पडताना पाहिले होते.

ती धावत नवऱ्याकडे आली. "आई खरंच झोपल्यात?"

"म्हणजे काय! बाहेरून कुलूप लावून आलोय. एकटी किनाऱ्यावर निघाली असती तर?"

"कुलूप? जित्या माणसाला?"

"ओरडू नकोस... लोक बघतायत."

"बघू देत!" तिनं त्याच्या खिशातून किल्ली ओढली आणि पळत सुटली.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत खिडकी बंद, कोंदट उकाडा आणि त्या उकाड्यात खाऱ्या पाण्याचा वास. सासूबाई पलंगावर दाराकडे तोंड करून पडल्या होत्या. अंग ताठलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या उंचीवर, रंग खरवडला गेला होता.

तिला रडू फुटेना. रागानं दातखीळ बसली होती.

मागून नवरा धापा टाकत आला. "आई... अगं, मला वाटलं..." त्याची नजर खाली गेली. "हिचे पाय ओले कसे?"

घोट्यापर्यंत ओले. बोटांच्या बेचक्यांत वाळू. फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

तिनं टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. "पुसा. आयुष्यात एकदा तरी आईचे पाय पुसा."

त्यानं वाकून पुसले. दूर किनाऱ्यावर लाट फुटली... आणि पाय पुन्हा ओले झाले.

त्यानं पुन्हा पुसले. लाट फुटली. आता पोटऱ्यांपर्यंत.

"अगं... थांबत नाहीये हे..."

तिनं पलंगाकडे पाहिलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर कालचं ते कसंनुसं हसू नव्हतं. चांगलं, मनापासूनचं होतं.

पुढची लाट फुटली, तसा नवरा किंचाळून मागे सरकला. त्याच्या कोरड्या बुटांतून खारं पाणी वाहू लागलं होतं.