मिळून आली

अनीशने पाठवलेल्या यादीत अकरा कागद होते आणि त्यातले दहा माझ्याकडे तयार होते. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, त्याच्या पगाराच्या पावत्या, लग्न खरं आहे हे व्हिसाच्या साहेबाला पटावं म्हणून आमचे दोघांचे फोटो. अकरावा कागद पोलिसांचा. या बाईवर कुठलाही गुन्हा नाही, असं सरकारने लिहून द्यायचं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. दिवसभर डबे उघडायचे, छटा नमुन्याशी जुळते का बघायची आणि वहीत लिहायचं. मला गुन्हा करायला वेळ कधी मिळणार, असं मी फोनवर म्हणाले तेव्हा अनीश हसला नाही. न्यू जर्सीत सकाळ होती, त्याला ऑफिसला निघायचं होतं.

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यात एकत्र काढलेले दिवस धरले तर चार महिनेसुद्धा भरत नव्हते. बाकीचा संसार फोनवर. पहिल्या वर्षी आम्ही तास-तासभर बोलायचो. आता तो विचारायचा, "काय नवीन?" आणि मी म्हणायचे, "काही नाही." म्हणून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली तेव्हा मी ठरवलं, काहीही झालं तरी ही चुकवायची नाही. ही गेली तर पुढची येईपर्यंत आमच्यात बोलण्यासारखं काही उरेल की नाही, याची मला खरोखर भीती वाटत होती.

पोलिसांच्या दाखल्याचा अर्ज मुकेशकडून भरून घेतला. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याचे वडील त्याच टेबलावर टाइपरायटर घेऊन बसायचे, आता हा कॉम्प्युटर घेऊन बसतो. त्याने माझा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"पासपोर्टवर अंबरनाथ, रहायला बदलापूर. मतलब इन्क्वायरी दोन्हीकडे जाणार, दीदी. बदलापूरला तुम्ही घरी थांबा. दोन शेजारी बोलून ठेवा. हवालदार विचारेल, ही बाई इथे राहते का? ते हो बोलले, सही केली, खतम."

दोन शेजारी मी कुठून आणणार होते? बदलापूरचा फ्लॅट अनीशने लग्नानंतर घेतला. चौदा मजली इमारत, मी सहाव्यावर. त्याआधी अकरा वर्षं मी आणि आई अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला एका जुन्या दुमजली इमारतीत भाड्याने राहायचो. आई गेली आणि मी एकटीच या फ्लॅटवर आले. सकाळी पावणेआठला दार लावते, संध्याकाळी सातला उघडते. मजल्यावर चार दारं आहेत. एका दाराबाहेर तुळस असते आणि एका दाराबाहेर लहान मुलाची सायकल, एवढी माझी शेजाऱ्यांशी ओळख.

मी चार दिवस रजा टाकली आणि घरात बसून राहिले. बेल वाजली नाही. पाचव्या दिवशी फोनवर मेसेज आला की बदलापूरचा अहवाल प्रतिकूल गेला आहे.

पोलीस स्टेशनात गुरुदत्त नावाचे हवालदार होते. पन्नाशीचे, शांत. त्यांनी फाइल काढून कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचलं. दिनांक चौदा रोजी सकाळी साडेअकरा वाजता दिलेल्या पत्त्यावर समक्ष जाऊन खात्री केली असता अर्जदार महिला मिळून आली नाही. शेजारी राहणारे यांच्याकडे विचारपूस केली असता सदर नावाची महिला येथे राहत नसल्याचे त्यांनी सांगितले.

"मी घरात होते," मी म्हणाले. "चौदाला साडेअकरा वाजता मी कुकर लावला होता."

"मॅडम, मी पाच मिनिटं बेल वाजवली. आत वाजत होती, मला बाहेर ऐकू येत होती. दार पण ठोकलं."

"मग मला कशी ऐकू आली नाही?"

"ते मी कसं सांगू?" ते चिडले नव्हते. त्यांनी पान उलटलं. "पण तुम्ही घाबरू नका. अंबरनाथचा रिपोर्ट एकदम क्लिअर आहे. तिथे तुम्ही मिळून आलात."

मी दुसरा कागद वाचला. अर्जदार महिला पत्त्यावर समक्ष मिळून आली. तिचा जबाब घेतला. खाली माझी सही होती. शेवटच्या अक्षरानंतर मी एक निरर्थक टिंब देते, तेसुद्धा जागच्या जागी होतं.

मी त्यांना सांगितलं की तीन वर्षांत मी त्या गल्लीत पाय ठेवलेला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली. "मग हे बाहेर कुठे बोलू नका," ते म्हणाले. "चांगला रिपोर्ट आहे."

जागेवर न जाताच कोणीतरी कागद भरला असेल, असं मी रिक्षात स्वतःला समजावलं. अर्जावरची सही बघून गिरवता येते. लॅबमध्येसुद्धा कंटाळलेला माणूस कालचे आकडे आज लिहितो, हे मी कित्येकदा पकडलं आहे.

संध्याकाळी मी समोरच्या तुळशीवाल्या दाराची बेल वाजवली. चैत्राली नावाची तिशीची मुलगी होती. तिने हसून विचारलं, "नवीन आलात का?"

"तीन वर्षं झाली."

"अय्या, सॉरी हां. आम्हाला वाटायचं हा फ्लॅट कोणी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलाय. बंदच असतो ना."

तिने आत बोलावलं, चहा केला. सहीचं म्हटल्यावर मात्र तिची अडचण झाली. "पोलिसांचं आहे ना, मिस्टरांना विचारून सांगते," ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. घरी येऊन मी बेल वाजवून पाहिली. नीट वाजत होती. मग मी रडले. चार दिवस दाराच्या आत बसून मी कोणालाच सापडले नव्हते आणि त्यात कोणाची चूक आहे असंही म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लवकर निघून मी शिवमंदिराकडे गेले. चार वाजले होते. आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्यापाशी ठमाबाई बेलाची पानं निवडत बसल्या होत्या. त्या तळमजल्यावर राहतात आणि देवळाबाहेर बेल-फुलं आणि पालेभाजी विकतात. त्यांनी मान वर केली.

"काय गो राजसी, परत खाली आलीस? आता तं वर गेलीस."

"ठमाबाई, मी आत्ताच येतेय. तीन वर्षांनी."

"मस्करी करते म्हातारीची," त्या हसल्या. "काल माज्याकडशी मेथीची जुडी नेलीस, आन् मना सांगते तीन वरसांनी आली."

"पोलीस आला होता का?"

"आलता ना. तू होतीस की. मना विचारतो, बाय कशी हाय? मी सांगितला, लेकीच्या वर हाय. मी तापाने पडले तवा तीन दिस माज्याजवल बसली, पेज भरवली. दे बोलले कागद, केला अंगठा." त्यांनी कीड लागलेलं पान बाजूला टाकलं. "नवऱ्याकडं जाशील तं या जिन्यावर चैन पडाचा नाय कोणाला."

आईच्या आजारपणाखेरीज मी कोणाजवळ तीन दिवस बसलेली नाही. अकरा वर्षं इथे राहून ठमाबाईंशी माझं बोलणं पाण्याच्या वेळेपुरतं होतं.

मी लाकडी जिना चढले. आमची खोली डावीकडची शेवटची. दाराबाहेर चपला होत्या, माझ्याच मापाच्या. दांडीवर साडी वाळत होती. आतून मेथीच्या भाजीचा वास येत होता, लसूण जरा जास्त लाल झालेली, आमच्या घरी व्हायची तशी. भांडी घासल्याचा आवाज येत होता. नव्या भाडेकरणीने माझं नाव सांगितलं असेल, असं मी स्वतःशी म्हणाले. काहीतरी फायदा असेल. मी दारावर टकटक केलं.

नळ बंद झाला.

"कोण?"

"मी," मी म्हणाले. आपण सगळे म्हणतो तसंच.

"कोण मी?"

अनीशला पाठवलेले व्हॉइस मेसेज मी बरेचदा परत ऐकत बसते. माझा आवाज दुसऱ्याला कसा ऐकू येतो, हे मला पक्कं माहीत आहे. हा आवाज तोच होता. फक्त तो थकलेला नव्हता.

मला नाव सांगता आलं नाही. ते दाराच्या पलीकडे होतं.

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. कडी वाजली नाही. तिने लाकडाला हात टेकला असावा, कारण दार किंचित हललं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मला भीती वाटली, हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला तिचा हेवा वाटला.

मी कठड्याला धरून सावकाश खाली उतरले. ठमाबाई पानं निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय आणाला चाललीस गो?"

मुलाखतीला अकरा दिवस राहिले होते. चैत्रालीचा निरोप आला नव्हता. मी मुकेशच्या दुकानात जाऊन फक्त एवढंच सांगितलं की एक अहवाल चांगला आहे आणि एक वाईट.

"सिंपल है, दीदी. जिथे क्लिअर आहे तिथेच राहा," तो म्हणाला. "बदलापूर काढून टाकू. एक अर्ज देऊ या."

त्याने टाइप करून कागद माझ्यापुढे ठेवला. मी लिहून देते की, बदलापूर येथील पत्त्यावर मी राहत नाही. मी पूर्वीपासून अंबरनाथ येथील पत्त्यावरच राहते.

"'राहत होते' असं कर ना," मी म्हणाले.

"होते लिहिलं तर परत इन्क्वायरी लागणार. राहते. हवालदाराला मिळाल्या ना तुम्ही तिकडे? मग खोटं कुठे आहे?"

जे स्वतः पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही, हा नियम मी पंधरा वर्षं पाळला आहे. मी अनीशचा विचार केला. 'काय नवीन', 'काही नाही' याचा विचार केला. मग सही केली, शेवटी टिंब दिलं.

आठव्या दिवशी दाखला मिळाला. मुलाखतीत साहेबाने तीन प्रश्न विचारले आणि व्हिसा मंजूर झाला. अनीशला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? निघायच्या दिवशी दोन बॅगा घेऊन लिफ्टमधून खाली उतरले तेव्हा वॉचमनने वही पुढे केली. "मॅडम, कोणाकडे आला होतात? जायची वेळ लिहा." टॅक्सी उभी होती. मी वेळ लिहिली.

इथे येऊन आता चार महिने झाले. अनीश माझ्याशी वाईट वागत नाही. 'बसा ना', 'घ्या ना' म्हणतो, पाहुण्यांना म्हणतात तसं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, संकोचाने म्हणत असेल. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्याने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. हल्ली तो 'बसा' असंही म्हणत नाही.

रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो फोन घेऊन गॅलरीत जातो. भारतात तेव्हा संध्याकाळ असते. ऑफिसचं काम असेल असं मी धरून चालले होते. पण तो मराठीत बोलतो, अर्धा अर्धा तास, आणि खूप हसतो. माझ्याशी बोलताना तो इतका कधी हसला नव्हता. काल थंडी कमी होती, त्याने गॅलरीचं दार उघडंच ठेवलं होतं. मी पाच पावलांवर टेबलाशी त्याचा डबा भरत होते.

"मेथी परत?" तो म्हणत होता. "ठमाबाईंचा ताप उतरला का? तू स्वतः जेवलीस ना, राजसी?"

पलीकडून तिने काहीतरी विचारलं. त्याने आत वळून पाहिलं, सरळ माझ्याकडे.

"नाही गं," तो फोनवर म्हणाला. "इथे कोण असणार? एकटाच आहे."

मग तो आत आला. किल्ल्या उचलल्या, माझ्या डोक्यावरचा दिवा बंद केला आणि बाहेरून कुलूप लावून गेला.