शेऱ्याचा रकाना

पहिल्याच भेटीत पालिकेच्या रेकॉर्ड रूममधल्या त्या कारकुनाने माझं पेन काढून घेतलं आणि हातात पेन्सिल ठेवली. तिथला नियम म्हणे, जुन्या कागदांजवळ शाई नको. शिवाय बॅग बाहेर ठेवायची, दिवसाला दोनच रजिस्टरं मिळणार आणि पान उलटताना बोट जिभेला लावायचं नाही. हे शेवटचं त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसू आवरेना.

"हसलात तरी चालेल," तो म्हणाला, "शिंकू मात्र नका."

आणि मी शिंकले. लागोपाठ चार वेळा. त्याने मुकाट्याने उठून खिडकी उघडली, आणि येताना ओठ दाबून हसला... ते मी पाहिलं.

मी आले होते पणजीच्या शोधात. आजोबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई एका सकाळी घरातून गेली ती परत आलीच नाही. त्यांच्या आत्याने त्यांना वाढवलं, आणि उठता-बसता ऐकवलं की तुझी आई तुला टाकून गेली. आजोबा आता पंच्याऐंशीचे आहेत. जन्मभर त्यांनी आईचा विषय काढला नाही. यंदा मात्र अचानक मला जवळ बसवून म्हणाले, "ती कुठे गेली ते बघ ना जरा. हा राग घेऊन मरायचं नाही मला."

पण हे सगळं परक्या माणसाला काय सांगायचं? मी त्याला फक्त पणजीचं नाव आणि अंदाजे साल दिलं.

आमच्या वस्तीची चार वर्षांची मृत्यूची रजिस्टरं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. मग त्यानेच समजावलं की मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, जातो तिथे होते. तेव्हा आता दवाखाने बघू. बघू म्हणाला... बघा नाही. तेव्हापासून आम्ही एकाच टेबलावर बसायला लागलो. दुसऱ्या आठवड्यापासून माझ्यापुढे येणारी रजिस्टरं आधीच झटकलेली असायची. माझंही काही कमी नव्हतं. धुळीत बसायला इस्त्रीचा ड्रेस कशाला, असं आईने दोनदा विचारून झालं होतं.

"पणजी सापडली की तुम्ही यायच्या बंद होणार," तो एकदा खाली बघत म्हणाला.

"मग काय, पणजोबा शोधू?"

"शोधा की. खापरपणजोबांपर्यंत जायलाही माझी हरकत नाही."

मी पेन्सिलीला टोक करत बसले. टोक आधीच चांगलं होतं.

आणि मग एका मंगळवारी त्याने एक नक्कल माझ्यापुढे सरकवली. साथीच्या रोगांच्या दवाखान्यातली नोंद होती. पणजीचं नाव, वय चोवीस, आजार क्षय. भरती झाल्यापासून अकरा महिन्यांनी मृत्यू. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मुलास भेटीस आणू नये अशी रुग्णाची विनंती. मुलाची खुशाली रोज विचारते.'

मला रडू आलं. डोळे पुसता पुसता खालच्या शिक्क्याकडे लक्ष गेलं. तारीख गुरुवारची होती. पाच दिवसांपूर्वीची.

"तुम्हाला गुरुवारीच सापडलं होतं?"

"हो." त्याचा चेहरा उतरला. "वाटलं, हे दिलं की तुमचं येणं संपलं... म्हणून ठेवून दिलं. पण शिक्क्यावर खोटी तारीख नाही घालता आली."

मग मी सगळं बोलून टाकलं. आत्याचं ते ऐकवणं, आजोबांचा राग, रोज संध्याकाळी दाराशी उभं राहून त्यांनी विचारलेलं 'सापडली का?'. हे त्याला माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी नक्कल उचलली आणि मागे न बघता निघाले.

आजोबांनी ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढून कितीतरी वेळ नुसते रडले. आत्यालाही त्यांनी बोल लावला नाही. त्या काळी घरात क्षय आहे म्हटलं की लोक दारात उभं करत नसत, एवढंच म्हणाले. शेवटी मला विचारलं, आई तर सापडली, मग तुझं तोंड का उतरलंय? मी सांगितलं. त्या पाच दिवसांचं सांगताना त्याचा उतरलेला चेहराच डोळ्यांपुढे येत होता.

"मी ब्याऐंशी वर्षं राग धरला," आजोबा म्हणाले. "आता तिची माफी मागायलासुद्धा माणूस समोर नाही. तुझा तर आहे, बाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुलूप काढत होता. मला पाहून किल्ली हातातच राहिली.

"आज... कुठलं रजिस्टर?"

"कुठलंच नाही. आजोबांनी तुम्हाला घरी बोलावलंय."

"रागावलेत?"

"ते नाहीत. मी आहे अजून थोडी." मी श्वास घेतला. "पण मला तुम्ही आवडता. ते आधी सांगते, राग सावकाश काढीन."

 तो कानापर्यंत लाल झाला, मग आत जाऊन घाईघाईने रजेचा अर्ज लिहायला बसला. कारणाच्या जागी येऊन अडला आणि काय लिहू, असं त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, खरं ते लिहा.