पार्क टाकला होता

सुट्टीच्या दिवशी तो बाजार म्हणजे नुसती बंद शटरांची रांग. चिटपाखरू नसायचं. मिस्त्री मात्र त्या दिवशीही गॅरेज उघडून बसायचा. घरी थांबून करायचं काय? बायको गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं. तिच्या वाटणीची खुर्ची, तिच्या वाटणीचा कप. त्यापेक्षा ग्रीसचा वास परवडला.

त्याचं काम ऑटोमॅटिक गाड्यांचं. ज्या गाड्यांना क्लच नसतो, नुसता दांडा पुढे-मागे करायचा असतो, त्यांचे गिअर का लागत नाहीत, लागले तर का सुटतात, हे शोधण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. पण खरं सांगायचं तर ते काम एकट्याचं नव्हतंच कधी. तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचा आणि वर सीटवर बायको बसायची. खालून तो ओरडायचा, "आर घे गं!" ती ब्रेक दाबून दांडा रिव्हर्सला न्यायची. तिचा आवाज पत्र्यातून खाली पोचायचा नाही, म्हणून दोघांनी खूण ठरवली होती. गिअर लागला, की तिनं ब्रेक दोनदा दाबायचा. मागचे लाल दिवे दोनदा लागायचे, मागची भिंत दोनदा लाल व्हायची, आणि त्याला खड्ड्यात बसल्या बसल्या कळायचं, लागला.

"अहो, लोकांच्या बायका दागिन्यांत मिरवतात," ती म्हणायची, "आणि मी बसलेय तुमच्या ब्रेकवर पाय ठेवून." पण यायची. बेसिनवर आरसासुद्धा तिनंच लावला होता, नाकाला काळं लावून हा घरी येतो म्हणून.

आता ब्रेक दाबायला एक लाकडी काठी होती. सीट आणि पेडल यांच्यात ती अडकवायची, दांडा हलवायचा, खड्ड्यात उतरून बघायचं, पुन्हा वर यायचं, पुन्हा दांडा. दिवसभर नुसत्या पायऱ्या चढायच्या नि उतरायच्या. गुडघे बोलायला लागले होते, पण माणूस ठेवायचं त्याच्या मनात येत नव्हतं. त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवलं नसतं.

तर अशाच एका सुट्टीच्या दुपारी टोइंगची गाडी दारात थांबली. मागे एक राखाडी मोटार, आणि टोइंगवाल्याच्या शेजारून उतरली एक तिशीची बाई. रात्र रात्र झोप नसावी असे डोळे.

"काय होतंय गाडीला, ताई?"

"काहीच होत नाही, काका. तेच तर."

मग तिनं सांगितलं. आई गाडी चालवत होती, बाबा शेजारी. रस्त्यावरून घराकडे उतार आहे आणि उताराच्या शेवटी गेट. गाडी उलटी आत घ्यायची म्हणून आईनं थांबवली, बाबा गेट उघडायला उतरले. गाडी मागे गेली. बाबा गेटच्या खांबाला...

मिस्त्रीनं तिच्यापुढे स्टूल सरकवलं.

"सगळे म्हणतात, आईनं पार्क न टाकताच ब्रेक सोडला. आई म्हणायची, मी पार्क टाकला होता. तेव्हा तेवढंच म्हणायची. आता तर बोलतच नाही. ताट समोर ठेवलं तर जेवते, नाहीतर भिंतीकडे बघत बसते." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मला गाडी दुरुस्त करून नकोय. एवढंच सांगा, चूक गाडीची की आईची?"

"आणि आईंचीच निघाली तर?"

"तर मलाच सांगा. तिला नको."

संध्याकाळी येते म्हणून ती गेली. टोइंगवालाही गेला. रस्ता पुन्हा रिकामा झाला, आणि मिस्त्री त्या गाडीसमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. गाडीचाच दोष निघू दे रे बाबा, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. एरवी दोष शोधायचा तो गाडी सुधारण्यासाठी. आज कुठल्यातरी घरातली बाई सुधारायची होती.

पण गाडी निघाली एकदम निरोगी. गिअरचं तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं, तर छान लाल, जळका वास नाही. तपासणीचं यंत्र लावून पाहिलं, एकही बिघाड दाखवला नाही. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल घट्ट. मग त्यानं खोट्या पार्कची परीक्षा घेतली. काही गाड्यांत दांडा पार्क आणि रिव्हर्सच्या अधेमधे राहतो. माणसाला वाटतं पार्क लागला, आणि जरा हादरा बसला की गाडी आपोआप मागे निघते. त्यानं इंजिन चालू ठेवून दांडा मुद्दाम अर्धवट ठेवला, दारं आपटली, वाट पाहिली. गाडी जागची हलली नाही. त्यानं इंजिन बंद केलं. आता मुलीला काय सांगायचं?

एकच परीक्षा राहिली होती. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मागच्या भिंतीकडे उतरती होती. चाकांमागचे ठोकळे काढायचे आणि नुसत्या पार्कवर गाडी उतारावर ठरते का ते बघायचं. त्यानं ठोकळे काढले. गाडी पक्की ठरली. मग किल्ली चालू ठेवली, काठी ब्रेकवर अडकवली आणि खालून पट्टी बघायला तो खड्ड्यात उतरला. गिअरबॉक्सच्या अंगाला बोटभर लोखंडी पट्टी असते. वर दांडा हलला, की खाली ती हलते.

खड्ड्यात थंड होतं. ओल्या सिमेंटचा आणि जुन्या तेलाचा वास. वर इंजिन निवताना टिक... टिक... करत होतं. बाहेर एक सायकलसुद्धा जात नव्हती. त्यानं बॅटरीचा उजेड पट्टीवर धरला, आणि सवयीचं माणूस ते, तोंडातून निघून गेलं...

"आर घे गं."

बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. काय हे, असं तो स्वतःशी पुटपुटला. आणि तेवढ्यात पट्टी हलली.

खट. रिव्हर्स.

गाडी हलली नाही. ब्रेक दाबलेला होता. त्यानं बॅटरी घट्ट धरली. केबल ताणली गेली असेल, असं म्हणेपर्यंत मागची भिंत काळी झाली, लाल झाली. काळी झाली, लाल झाली.

लागला.

आता तुम्ही म्हणाल, तिथून त्यानं पळायला हवं होतं. हो, हवं होतं. पण ज्याच्या हाकेला कित्येक महिन्यांत ओ मिळालेली नाही, त्याला विचारा. मिस्त्रीला भीती वाटलीच नाही.

"एन घे," तो म्हणाला.

पट्टी सरकली. दोनदा लाल.

"डी..."

दोनदा लाल.

"अगं... तूच ना?"

त्यावर काही झालं नाही. फक्त वरच्या सीटची स्प्रिंग बारीक करकरली, माणूस जरा सरसावून बसतं तशी. खड्ड्यात उभ्या उभ्या तो तिच्याशी बोलायला लागला. घर कसं ओकंबोकं झालंय, भाजीला मीठ किती घालायचं ते अजून जमत नाही, गुडघा दुखतो... काय काय बोलला, त्याचं त्यालाच आठवत नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "बरं, पार्क कर. मी वर येतो."

खट. पट्टी पार्कवर गेली. दोनदा लाल.

पायऱ्या खड्ड्याच्या मागच्या टोकाला होत्या. तो घाईघाईनं चढला. डोकं फरशीच्या वर आलं, आणि गाडीचे लाल दिवे अगदी त्याच्या तोंडासमोर आले. मागच्या काचेतून त्यानं आत पाहिलं. सीटच्या वर कुणाचंही डोकं दिसत नव्हतं. पण त्याला हसू आलं. ती ठेंगणी होती, मागून कधी दिसायचीच नाही.

"अगं..."

खट.

दिवे विझले. गाडी मागे निघाली.

तो मागच्या मागे खाली कोसळला म्हणून वाचला. बंपर केसांना घासून गेला. गाडी पायऱ्यांवरून सरकत मागच्या भिंतीशी रचलेल्या टायरांवर आदळली, आणि खड्ड्याचं ते टोक झाकलं गेलं. काळोखात तो पाठीवर पडून होता. तोंडात माती होती. वर, अगदी नाकासमोर, काळ्या पत्र्याची कड दोनदा लाल झाली.

लागला.

आता मात्र तो घाबरला. ती असती, तर तिनं असं कधीच केलं नसतं. आणि ती नव्हती, तर तिची खूण कुणाला ठाऊक?

"काका...? आहात का?"

मुलगी आली होती. गाडी मागे सरकल्यानं खड्ड्याची पुढची बाजू उघडी पडली होती. कडेच्या फळीला धरून तो कसाबसा वर आला. आधी त्यानं चाकांमागे ठोकळे ठोकले, मग गाडीचं दार उघडलं. दांडा पार्कवर होता. काठी शेजारच्या सीटवर ठेवलेली होती. नीट, आडवी, कुणीतरी बाजूला काढून ठेवावी तशी.

"काका, अहो, लागलंय तुम्हाला!"

"ताई, आईंना फोन लावा," मिस्त्री म्हणाला. "त्यांनी पार्क टाकला होता. चूक त्यांची नाही. गाडी आपली आपण सुटते. माझ्या डोळ्यांदेखत सुटली."

मुलगी मटकन स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. रडत रडतच तिनं फोन लावला, सांगितलं, परत परत सांगितलं. मग चकित होऊन तिनं फोन पुढे केला. "आई बोलतेय... तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

पलीकडचा आवाज खरखरीत होता, न वापरलेल्या नळासारखा.

"मी टाकला होता ना?"

"हो वहिनी. टाकला होता."

मिस्त्रीला बरं वाटलं. आजचा दिवस फुकट गेला नाही, असं वाटलं.

"एक सांगू? हिला सांगितलं नाही मी..." आवाज आणखी खाली गेला. "हे आरशात दिसत होते मला. गेट उघडून झालं होतं. बाजूला व्हायचं, तर गाडीच्या मागेच उभे राहिले. मागच्या दिव्यांकडे बघत. आणि हसत होते हो... आमचा मोठा मुलगा गेला, त्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं."

मिस्त्रीनं फोन परत दिला.

गाडी तोडायला द्यायची, असं ठरलं. भंगारवाले सकाळी येणार होते. मुलगी जाताना त्याच्या पाया पडली, तिचा चेहरा दुपारपेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होता. ती गेल्यावर त्यानं गाडीची बॅटरी सोडवली, उचलून बाकावर आणून ठेवली. किल्ली खिशात टाकली. ठोकळ्यांवर आणखी एकेक घाव घातला. आता त्या गाडीत दिवा लागायला काही उरलंच नव्हतं.

दिवस मावळत आला होता. घरी जायचं होतं. खुर्ची, कप, घड्याळाचा आवाज. तो मागच्या कोपऱ्यातल्या बेसिनशी गेला आणि सावकाश हात धुवायला लागला. ती नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. साबण लावताना त्यानं ते मनातल्या मनात दोनतीनदा म्हणूनही पाहिलं.

मग नळ बंद केला. गॅरेजमध्ये अगदी शांत झालं.

"अगं..." तो हळूच म्हणाला. नुसतं बघायला.

टायरांमागची भिंत लाल झाली आणि विझली. पुन्हा लाल झाली आणि विझली.

मिस्त्रीनं बायकोनं लावलेल्या आरशात पाहिलं. नाकाला काळं लागलं होतं, आणि तो हसत होता.