आदर्श नजर

"जुळणी एकसष्ट टक्के," फरहान मुजावर म्हणाला आणि पडद्यावरचा आकडा हेमांगीताईंना नीट दिसावा म्हणून त्याने आपली खुर्ची बाजूला ओढली. "पोरगी गेली, मॅडम. ही तिसरी वेळ."

मिरजेच्या रक्तवेध प्रशिक्षण संस्थेत पंच्याऐंशीच्या खाली म्हणजे नापास, आणि तीनदा नापास म्हणजे रक्तपरीक्षकांच्या नोंदवहीतून नाव कायमचं बाद. एकदा बाद झालेल्याला पुढे राज्यातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापलीकडचं काम मिळत नसे. नियम कडक होता आणि तो करणाऱ्या समितीवर हेमांगी दाभाडे स्वतः होत्या. तेव्हा त्यांना त्याचा अभिमानही वाटला होता.

आज मात्र तो नियम त्यांच्याच घरात येऊन पोचला होता. नापास झालेली चैती मडावी ही गडचिरोलीकडची मुलगी गेली तीन वर्षं त्यांच्याच घरी राहत होती. प्रयोगशाळेत ती त्यांना मॅडम म्हणायची आणि उंबरठा ओलांडला की मावशी. तिच्या गावच्या उपकेंद्रात तपासणीचं नवंकोरं यंत्र दोन वर्षं कापडाखाली पडून होतं, कारण अहवालावर सही करायला प्रमाणित माणूस नव्हता. तो माणूस चैती होणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

"उत्तरं बघ ना," हेमांगीताई म्हणाल्या. "पन्नासच्या पन्नास काचपट्ट्यांची उत्तरं द्रष्ट्याशी जुळताहेत."

"उत्तरं जुळली म्हणून काय झालं? नजर कुठं जुळतीय? बघा की, प्रत्येक काचेवर आधी शेपटाला जाते. आणि सत्तावीस नंबरला तर कमालच केलीय. शेपटात चौदा सेकंद मुक्काम, आणि उत्तर काय, तर 'निरोगी'. निरोगी रक्तात चौदा सेकंद काय बघत बसली?"

हे शेपूट म्हणजे काय, ते सांगायला हवं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून तो दुसऱ्या काचेने ओढला की जिभेच्या आकाराचा लेप तयार होतो. तो सुरुवातीला जाड असतो, मधे एकसारखा आणि शेवटी झिरझिरीत. त्या झिरझिरीत टोकाला या धंद्यातली माणसं शेपूट म्हणतात. पेशी मोजायच्या त्या मधल्या भागात, कारण तिथे त्या एकमेकींच्या अंगावर न पडता शिस्तीत बसलेल्या असतात.

आणि द्रष्टा म्हणजे राज्यातल्या सगळ्या प्रयोगशाळांमधून लेप वाचणारी एकच एक यंत्रबुद्धी. एकोणीस वर्षांपूर्वी तिला शिकवलं तेव्हा आधी दहा तज्ज्ञांची नजर एकत्र करून पाहिली होती, पण त्यातून नुसता गोंधळ हाती आला. यंत्राला एकाच माणसाची अखंड नजर हवी होती. बुबुळांचा मार्ग टिपणारा नेत्रांकक डोळ्यांवर चढवून एकाच माणसाने सहा महिने काचा वाचाव्यात, आणि यंत्राने त्या माणसाचं थांबणं, परतणं, पुढे जाणं जसंच्या तसं उचलावं, असं ठरलं. राज्यातली सर्वोत्तम नजर म्हणून ज्यांची निवड झाली त्या हेमांगी दाभाडे. पुढे कायद्याने प्रत्येक अहवालावर माणसाची सही बंधनकारक केली, तेव्हा सही करणारी माणसंही त्याच नजरेवर घडवायची ठरली. म्हणजे चैती आज नापास झाली होती ती हेमांगीताईंसारखं न बघितल्याबद्दल.

"तिला बोलावते," हेमांगीताई म्हणाल्या.

चैती येऊन उभी राहिली. सावळी, ठेंगणी, एरवी बोलायला लागली की थांबवावी लागणारी मुलगी. पण आज तिची मान वर होईना.

"सत्तावीस नंबरमध्ये काय दिसलं तुला?"

"काही नाही जी, मॅडम."

"काही नाही त्याला चौदा सेकंद?"

चैती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बरं, ते राहू दे. प्रत्येक काचेवर आधी शेपटाकडे का जातेस? हे कुणी शिकवलं? मी तर नाही."

"बाबांनी." आता तिला जरा बोलायला सुधरलं. तिचे वडील लालसू मडावी तीस वर्षं हिवतापाच्या कामावर होते आणि त्यांच्याकडे आरशावर चालणारा जुना सूक्ष्मदर्शक होता. "बाबा सांगत, लेप ओढताना जड पेशी वाहत जातात तं टोकाला जाऊन पडतात. पूर ओसरला की लाकडं काठालाच सापडतात ना, तसंच ते. म्हणून आधी काठ पाहा, मग नदी पाहा. मी लहानपणापासून तसंच पाहते. सोडायचा लई प्रयत्न केला, मॅडम. नाही सुटत."

फरहान हसला. हेमांगीताई हसल्या नाहीत. कारण त्यांच्या पहिल्या गुरूंनीही त्यांना शब्दाशब्दाने हेच सांगितलं होतं. रक्ताच्या कर्करोगातल्या कोवळ्या, बिघडलेल्या पांढऱ्या पेशी मोठ्या असतात आणि त्या शेपटाला जमतात. दुखणं नुकतंच सुरू झालेलं असतं तेव्हा तर कित्येकदा तिथेच दिसतात, मधल्या भागात औषधालाही सापडत नाहीत. हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांच्या नजरेत ते कसं नव्हतं?

चैतीला घरी पाठवून त्यांनी फरहानला आदर्श नजरेच्या मूळ नोंदी उघडायला लावल्या. पडद्यावर एकोणीस वर्षांपूर्वीची त्यांची नजर हिरवी रेघ होऊन धावू लागली. मधला भाग तिने सुरेख वाचला, आडवी, उभी, एक पेशी न सोडता. शेपटाच्या तोंडाशी आली आणि वळली. दुसऱ्या काचेवर वळली. शंभराव्या, चारशेव्या काचेवर वळली. उंबऱ्याशी आलेलं माणूस आत कोण बसलंय ते कळून परत फिरावं, तशी ती प्रत्येक वेळी परत फिरत होती.

"मॅडम, ही नोंद कुठल्या महिन्यातली?" फरहानने हळूच विचारलं.

"जून ते नोव्हेंबर. श्रीरंग फेब्रुवारीत गेले."

श्रीरंग म्हणजे त्यांचे यजमान. नुसता थकवा येतो म्हणाले, म्हणून हेमांगीताईंनी गमतीगमतीत त्यांचं बोट टोचून काच केली होती. मधला भाग अगदी स्वच्छ होता. शेपटात त्या पेशी बसलेल्या होत्या. अकरा होत्या, त्यांनी दोनदा मोजल्या होत्या. सांगायला धीर झाला नाही म्हणून एक दिवस त्या तसंच घरात वावरल्या, त्यांना पोहे करून दिले. वर्षभरात सगळं संपलं. नंतर नेत्रांककाचं काम आलं तेव्हा त्यांनी ते आधाराला काठी धरावी तसं धरलं. डोळ्यांत तेल घालून काम केलं म्हणून सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. त्यांनाही वाटायचं की आपण सगळं बघतोय. पण डोळ्यांनी त्यांच्या नकळत एक जागा टाकून दिली होती.

"यंत्राला काय कळणार की हे दुःख आहे," हेमांगीताई म्हणाल्या. "त्याला वाटलं, हेच ज्ञान."

"पण मॅडम, एकोणीस वर्षांत कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"कोण लक्षात आणून देणार? यंत्र माझ्या डोळ्यांनी बघतं. सही करणारा माझ्या डोळ्यांनी बघतो. फेरतपासणी करणाराही माझ्याच डोळ्यांनी. चूक सगळ्यांची सारखी असली की तिला चूक म्हणायला उरतो कोण? नव्या पाठ्यपुस्तकात वाचलंस ना, हा आजार अलीकडे उशिरा प्रकट होतो आणि झपाट्याने वाढतो म्हणून? मीच शिकवते ते वर्गात. आजार बदललाच नाही, फरहान. आपण बघायचं सोडलं."

फरहानने कपाळावर हात मारला. त्याच्या डोळ्यांसमोर राज्यभरातले किती अहवाल आले असतील कोण जाणे. हेमांगीताईंच्या डोळ्यांसमोर मात्र एकच काच होती. जी मुलगी शेपूट बघते, तिने निरोगी ठरलेल्या एका शेपटात चौदा सेकंद काढले होते. काही नसताना कुणी इतका वेळ थांबत नाही. आणि उत्तर मात्र तिने खोटं लिहिलं होतं.

त्यांनी सत्तावीस नंबरची काच पेटीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि कडेची चिठ्ठी वाचली. मग आपल्या उजव्या हाताच्या अनामिकेकडे पाहिलं. तिच्यावर सकाळचा कापूस अजून चिकटलेला होता.

संस्थेची ही जुनी रीत होती. परीक्षेत एक तरी काच ताज्या रक्ताची हवी, आणि ते रक्त परीक्षकाने स्वतःचं द्यायचं. निरोगी रक्ताचा नमुना म्हणून हेमांगीताई सगळ्यांसमोर बोट टोचून घेत. मुलांना त्याची गंमत वाटायची. त्यामुळे ती काच कुणाची आहे ते वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

शेपूट पाहायला त्यांना फार वेळ लागला. डोळा तिकडे गेला की आपोआप घसरून मधल्या भागात येई. शेवटी त्यांनी चक्र फिरवून काचच सरकवली आणि डोळा जागच्या जागी रोखून धरला. पेशी एकेक करत समोरून जाऊ लागल्या. त्यांना त्या लगेच ओळखू आल्या. इतक्या वर्षांनी भेटूनही त्या बदललेल्या नव्हत्या.

त्या सात होत्या.

घरी आल्या तेव्हा चैती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कणीक मळत होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

"सात आहेत ना?" त्यांनी विचारलं.

चैतीने वळून पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "मावशी, मी कसं लिहू तिथं? तुमच्यासमोर, सगळ्या पोरांसमोर? मला वाटलं, मी चुकली असेन. द्रष्टा निरोगी म्हणतो तं निरोगीच असेल. देवा, मीच चुकली असू दे, म्हटलं."

"तू चुकली नाहीस." हेमांगीताईंनी तिला जवळ घेतलं. आपल्याला काय झालंय यापेक्षा ही मुलगी दिवसभर ते एकटी पोटात घेऊन फिरली, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. "रडू नकोस. लवकर सापडलंय, औषधं आहेत. आता माझं ऐक. तुझ्याकडून मोठं काम करून घ्यायचंय."

काम असं होतं. द्रष्ट्याला नवी नजर द्यायची तर ती आदर्श नजरेने न घडलेली हवी. पण एकोणीस वर्षांत पास झालेला प्रत्येक जण त्या नजरेने घडला होता, आणि शेपटाकडे बघणारे सगळे नापास होऊन कुठे भाजी, कुठे मोबाइल विकायला लागले होते. जुने गुरू केव्हाच गेले होते. नजर न बिघडलेली, काम शिकलेली आणि हाताशी असलेली एकच व्यक्ती होती, चैती मडावी. समितीने फेरपरीक्षा मान्य केली. त्या परीक्षेत टिपलेली तिची नजर द्रष्ट्याच्या नव्या शिक्षणाचा पाया ठरणार होती. फरहानने जुन्या कपाटातून, द्रष्ट्याच्या आधीच्या काळातल्या दहा काचा शोधून आणल्या. दहाही जणांचा आजार फक्त शेपटात दिसणारा होता. परीक्षेच्या पन्नास काचांपैकी दहा म्हणून त्या मिसळल्या.

मधल्या आठ दिवसांत हेमांगीताईंचं दवाखान्यात जाणं-येणं सुरू झालं. चैती सोबत जायची, सुया टोचताना त्यांचा हात धरायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची.

परीक्षेच्या दुपारी चैतीने नेत्रांकक चढवला. नियंत्रण कक्षात हेमांगीताई आणि फरहान पडद्याकडे बघत बसले. पहिली काच आली. हिरवी रेघ मधल्या भागात उतरली आणि आडवी, उभी, सुरेख वाचत गेली. आजवर काठाने सुरुवात करणारी नजर आज थेट नदीत उतरली होती.

"शेवटी जाईल शेपटाला," फरहान पुटपुटला.

रेघ शेपटाच्या तोंडाशी आली आणि वळली.

तिसऱ्या काचेवर वळली. पहिली जुनी काच आली, तिच्यावरही वळली. हेमांगीताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते वळण त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. आपली नजर वळवायला श्रीरंगांची एक काच पुरली होती, हिला सत्तावीस नंबरनंतर दुसरी कशाला लागेल, हे आपल्याला आधी कळायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. दहाच्या दहा काचा निरोगी ठरल्या. पन्नासावी संपली आणि पडद्यावर निकाल उमटला.

जुळणी सत्त्याण्णव टक्के. उत्तीर्ण.

ही नजर नवा पाया म्हणून स्वीकारायची का, असा प्रश्न पडद्यावर लुकलुकत होता आणि फरहानचा हात मांडीवरून उठत नव्हता.

दार उघडून चैती आत आली. नेत्रांककाच्या कडांचे वळ तिच्या गालांवर उठले होते आणि चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा थोडं हसू होतं. तिने आधी हेमांगीताईंच्या पायांना हात लावला.

"मावशी, जमलं ना जी?" ती म्हणाली. "एकही काच घाईत नाही पाहिली. सगळं पाहिलं मी, शेपूटसुद्धा."

ती खोटं बोलत नव्हती. हेमांगीताईंनाही एकोणीस वर्षं कुणी विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं, इतक्याच सरळ नजरेनं. त्यांनी तिच्या गालावरचा वळ अंगठ्याने पुसल्यासारखा केला.

"हो बाळ," त्या म्हणाल्या. "पास झालीस."