पहिली मूठ मातीची

चंद्रावरच्या वस्तीत लाकूड नाही आणि प्राणवायूही जपून वापरावा लागतो. त्यामुळे तिथं माणूस गेला की त्याला बागेच्या मातीत ठेवतात. पहिली मूठ माती घरच्या पुरुषानं द्यायची आणि तेराव्या दिवशी तिथं रोप लावायचं.

शलाकाचे आजोबा, अप्पा, गेले तेव्हा पहिली मूठ दिली बाळकृष्णनं, तिच्या आईच्या चुलतभावानं. त्यासाठी त्याला दुसऱ्या वस्तीतून यानानं आणलं होतं. अप्पांचं आजारपण काढलं ते त्यांच्या मुलीनं, म्हणजे शलाकाच्या आईनं. अप्पा चहात साखर घेत की नाही, हेही बाळकृष्णला ठाऊक नव्हतं.

शलाकाला कोडं पडलं. माती देताना कुणाच्याच चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "मग हे हवं होतं कुणाला?" तिनं पारखीला विचारलं. पारखी हा अप्पांनी बनवलेला यंत्रमानव. माणसं अशी का वागतात, हे मोजणं हेच अप्पांचं संशोधन होतं.

"मोजून बघू," पारखी म्हणाला. "पण सभेत विचारायचं नाही. सभेत जो तो शेजाऱ्याकडे बघून उत्तर देतो. दार लावून, एकेकाला विचारू."

दोघं घरोघर फिरली. पहिला प्रश्न : मुलीनं माती दिली तर तुम्हाला चालेल का? (हे वैयक्तिक मत.) दुसरा : वस्तीतल्या किती जणांना चालेल, असं तुम्हाला वाटतं? (हा सामाजिक अपेक्षेचा, म्हणजे लोक आपल्याकडून काय धरून चालतात त्याचा, आपल्या मनातला अंदाज.) तिसरा : बाकीच्यांना चालतं असं कळलं, तर तुम्ही वेगळं वागाल का?

शेवडेकाकू म्हणाल्या, "मला चालेल गं. पण बाकीच्यांचं तोंड कोण धरणार?"

बाकीच्यांनीही हेच सांगितलं. फक्त त्यांच्या बाकीच्यांत शेवडेकाकू होत्या.

पारखीनं आकडे मांडले. शंभरातल्या नव्वदांना चालत होतं. लोकांचा अंदाज मात्र शंभरात वीस. आणि इतरांचं मत कळलं तर वेगळं वागू, असं जवळजवळ सगळे म्हणाले होते.

"म्हणजे ही चाल मतावर नाही, चुकीच्या अंदाजावर उभी आहे," पारखी म्हणाला. "नव्वद आणि वीस यांच्यातल्या दरीनं तुझ्या आईला मागं उभं केलं."

"दरीला तोंड नसतं," आई म्हणाली. "मागं हो, असं मला शेवडेवहिनींनी सांगितलं."

तेराव्या दिवशी शलाकानं दोन्ही आकडे बागेच्या दारावर लावले. लोकांनी वाचले, मग एकमेकांकडे बघितलं. बाळकृष्ण रोप धरून उभा होता.

"ताई," शेवटी तोच म्हणाला, "मलाही चाललं असतं. मला वाटलं, इथं चालत नसेल."

आईनं रोप हातात घेतलं.

"मी तर आधीपासून म्हणत होते," शेवडेकाकू म्हणाल्या.

"कुणाला?" आईनं विचारलं.

काकू मागं सरकल्या. आईनं गुडघे टेकून रोप लावलं आणि बराच वेळ माती दाबत राहिली.

"आता पहिली मूठ पुन्हा देता येणार नाही ना?" शलाकानं हळूच विचारलं.

"नाही," पारखी म्हणाला.

आई उठली. तिनं हात झटकले नाहीत. "नेनेआजोबा आजारी आहेत," ती म्हणाली. "त्यांना दोन्ही मुलीच आहेत. हे आकडे आजच त्यांच्या घरी नेऊन द्या."