प्लेटवरची सावली

सकाळी आठच्या आत प्लेट पुसायची, हा हरिओमचा नियम होता. ऊन चढल्यावर गार पाण्याचं फडकं लावलं तर काच तडकते. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग ट्रॉलीच्या फाळक्याला दोरीनं बांधून, खाली दगडाची टेकण देऊन, प्लेटचं तोंड सूर्याकडं करायचं. मधे बिजागरी असलेली, सुटकेससारखी मिटणारी ती सोलरची प्लेट. खोक्यावर साठ वॉट छापलेलं. पण स्वस्तातला माल. कितीही टळटळीत ऊन असू द्या, एकेचाळीसच्या पुढं तिची मजल जात नव्हती. किती वीज येतेय ते कळावं म्हणून त्यानं वायरला छोटा मीटर जोडला होता, आणि दुपारभर त्या मीटरवरचा आकडा बघत बसणं हा त्याचा छंद म्हणा, खूळ म्हणा.

ट्रॉली हेच घर. एके काळी ती कारखान्याला ऊस ओढायची. घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं फिरायचे दिवस सरले, तेव्हा हरिओमच्या बापानं, आप्पारावनं, दोन्ही घोडी विकली, ही ट्रॉली घेतली आणि वर पत्रा ठोकला. सोमनाथ काकाचा जुना ट्रॅक्टर घर ओढायचा, मेंढरं मागून यायची. दिवाळी झाली की शिरूर कासारचा माळ सोडायचा, धारूरच्या डोंगरकडेला हिवाळा काढायचा आणि चैत्रात माजलगाव धरणाच्या फुगवट्याला उतरायचं. तिथं पाणी मागं सरकलेलं असतं. गाळावर कोवळं गवत येतं. बुडालेल्या एका विहिरीचं कठडं तेवढं उघडं पडतं, आणि दुपारी उन्हाच्या झळांत त्या कठड्याखालची जमीन हलायला लागते. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहतात. टिटवीसुद्धा बोलत नाही. दुपार कसली, उघड्या डोळ्यांनी बघायची झोपच ती.

आप्पारावला प्लेटचं कौतुक नव्हतं. त्याला कौतुक फक्त स्वतःच्या मिशीचं.

“त्या काळ्या आरशात दिवसभर काय तोंड बघतूस बे?”

“आप्पा, बाजूला सरका. सावली पडायलीय.”

बापाची सावली प्लेटच्या एका कोपऱ्यावर पडली होती आणि एकेचाळीसचा आकडा धाडकन नऊवर आला होता. या प्लेटचं असंच असतं. कोपरा झाकला तरी सगळी प्लेट मान टाकते.

“माझ्या एका सावलीनं एवढं बंद पडतं व्हय?”

“तुमच्या सावलीनं लई काय काय बंद पडलंय,” हरिओम म्हणाला.

खोटं नव्हतं ते. मेंढरांमागं माणूस कमी पडतंय म्हणून याच बापानं त्याला बीडच्या आयटीआयमधून दुसऱ्या वर्षाला ओढून आणलं होतं. पण हरिओमच्या मनात होतं ते दुसरंच.

गेल्या चैत्रात याच जागेवर त्याची थोरली बहीण मनिषा गेली होती. भर दुपारी मेंढरं पाण्यावर नेऊन आणली आणि ट्रॉलीच्या सावलीत टेकली, ती उठलीच नाही. अंग तव्यासारखं तापलं, घाम आटला, ती काहीबाही बरळायला लागली. आप्पाराव म्हणाला, ऊन लागलंय, तळपायाला कांदा चोळा. आईनं, कडूबाईनं, चोळला. आजा-पणजा चोळत आले म्हणून हिनं चोळला. हरिओमनं दवाखान्याची गाडी बोलवायला फोन काढला तर फोन बंद. आईचा बंद, बापाचा बंद, आणि सोमनाथ काका आपला फोन न्‌ ट्रॅक्टर घेऊन माजलगावला गेलेला. तीन दिवस फोन चार्जिंगला गावात न्यायला आप्पारावनं कुणाला सोडलं नव्हतं. कोकरं व्हायलीत, म्हणाला, फोन काय चरायला न्यायचेत का. हरिओम सडकेपर्यंत पळत गेला, एक मोटारसायकल अडवली, त्या माणसाच्या फोनवरून गाडी बोलावली. गाडी गाळातून येईस्तोवर ट्रॉलीची सावली दुसऱ्या अंगाला गेली होती. मनिषा उन्हात पडली होती, आणि तिला सावलीत घ्यायला कुणी हललं नव्हतं, कारण आता घेऊन उपयोग नव्हता.

लोक म्हणतात ती उन्हानं मेली. हरिओम म्हणायचा, ती कांद्यानं मेली.

पावसाळ्यात त्यानं प्लेट मागवली. परत कुणाचा फोन बंद राहणार नव्हता.

आणि धारूरच्या माथ्यावर, कार्तिकातल्या एका स्वच्छ दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, मीटरचा आकडा एकेचाळीसवरून नऊवर आला. आभाळात ढगाचं बोटसुद्धा नव्हतं. प्लेटसमोर कुणी नव्हतं. हरिओम वाकून बघायला गेला तर काळ्या काचेवर सावली होती. बारीक मान, एका खांद्यावरून पुढं आलेली वेणी. कच्च्या कांद्याचा वास आला. माणूस तांब्याभर पाणी पिऊन दम खाईल, तेवढा वेळ सावली थांबली आणि गेली. एकेचाळीस.

तो भ्याला नाही. भ्यायचं कशाला, बहीणच ती. मग रोज दुपारी यायला लागली, जिथं तळ पडेल तिथं. त्यानं प्लेटजवळ पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली. लई वेळ थांबली तर हळूच म्हणायचा, “आक्का, सरक की जरा.” आणि आकडा वर चढायचा. जिवंत माणसं एवढ्या सहज सरकत नव्हती.

आईला मात्र ठाऊक होतं ती कशी आली ते.

त्यांच्या बिऱ्हाडात एक रीत होती. तळ हलवायचा तर चुलीचे तीन दगड उलथून टाकायचे, मग घरातल्या थोरल्या बाईनं वयाच्या उतरंडीनं एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव त्यानंच “हाय” म्हणायचं. दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही. जो बोलत नाही त्याला ती जागा ठेवून घेते, आणि त्याच्या नावाला दुसऱ्यानं ओ दिली तर अर्धाच माणूस संगं येतो. हरिओमला हा सगळा म्हाताऱ्यांचा येडेपणा वाटायचा. गेल्या साली मनिषाला माती देऊन तिसऱ्या दिवशी तळ हलला तेव्हा सवयीनं कडूबाईच्या तोंडून निघून गेलं, “मनिषा.” आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. त्या उघड्या तोंडाकडं बघवेना म्हणून हरिओम बोलून गेला होता.

“हाय.”

आता बरोबर वर्षानं ते सगळे परत फुगवट्याला आले होते, आणि इथं आल्यापासून धाकटी योगिता बिघडली होती. चौदा वर्षांची पोर, दिवसभर बकरीसारखी उड्या मारणारी. पण दुपार झाली की ट्रॉलीखाली शिरायची आणि प्लेटकडं तोंड करून बसायची. बेचाळीस डिग्रीत तिचे पाय विहिरीच्या पाण्यासारखे गार पडायचे. पाणी दिलं तर मान हलवायची.

“योगे, पाणी पी.”

“पिले की. आक्कानं पाजलं.”

हरिओमनं तांब्या बघितला. तो रिकामा होता, आणि योगिताचे ओठ फुटले होते.

या वेळी फोन चालू होता. त्यानं त्याच दिवशी गाडी बोलावून तिला माजलगावला डॉक्टरकडं नेलं. सलाईन लावलं, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. दुसऱ्या दुपारी पाय परत गार. तिसऱ्या दुपारी मांड्यांपर्यंत गार. मीटरवरचा नऊ आता घटकाभर हलत नव्हता.

“आक्का, सरक,” हरिओम म्हणाला.

नऊ.

“आक्का... तिला सोड गं.”

सावली हलली, पण बाजूला सरकली नाही, खाली बसली. ट्रॉलीखाली योगितानं डोळे मिटून कुणाच्या तरी मांडीवर टेकवावं तसं डोकं कलतं केलं. डोक्याखाली काही नव्हतं, आणि डोकं जमिनीला टेकत नव्हतं.

त्यानं तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. हातातली पोर कोकरासारखी हलकी लागली.

संध्याकाळी चुलीपाशी कडूबाई बोलली. “तिला तिच्या जागेवर सोडाया पायजे. आपण सोडलीच न्हाई. तू ओ दिलीस तिच्या नावानं.”

“म्हंजे माझं चुकलं. आन तुमी काय केलतं? कांदा.”

कडूबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. “कांदा चोळला. मला दुसरं काय येत व्हतं, बाबा?”

वर्षभर धारेला लावून ठेवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

“उद्या सकाळी तळ हलवू,” आप्पाराव अंधारातून म्हणाला. मिशीचा माणूस, पण आवाज खाली गेलेला. “तुझी आई नाव घेईल. कुणी ओ द्यायची न्हाई. हरिओम, तू तर न्हाईच न्हाई.”

“नावच कावून घ्यायचं मग?”

“घेतल्याबिगर ऱ्हायली का आली, ते कळायचं कसं?”

हरिओमला रात्रभर बापाचा राग येत राहिला, कारण पहिल्यांदाच बाप बरोबर बोलला होता. आणि खरं सांगायचं तर त्याला आक्काला सोडायचं नव्हतं. वर्षभर घरात त्याचं ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते काचेवर यायचं.

सकाळी ऊन कोवळं होतं. मेंढरं निघायला उभी. प्लेट मिटून ट्रॉलीत ठेवलेली. कडूबाईनं पायानं एकेक दगड उलथला, पदर डोक्यावर घेतला.

“आप्पाराव.” एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी बाई, तळ हलताना तेवढं घ्यायची.

“हाय.”

“सोमनाथ.”

“हाय.” काका ट्रॅक्टरवरून म्हणाला.

“मनिषा.”

हरिओमनं दात ओठात रोवले. विहिरीच्या कठड्याजवळ गवत हललं, वारा नव्हता. कांद्याचा वास इतका दाटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोल, असं कुणी म्हणत नव्हतं. पण कुणीतरी वाट बघत होतं, हे त्याला पाठीवर कळत होतं. आई दुसऱ्यांदा नाव घेणार नव्हती. रीत एकदाच घ्यायची. त्यानं ओठ सोडला नाही. रक्ताची चव आली. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि योगिताचे गार पाय आठवत राहिला... आणि कान नुसते गुणगुणत होते...

“हाय.”

त्यानं डोळे उघडले. आई पुढच्या नावावर गेली होती.

“योगिता.”

“हाय, हाय. चला की आता, भूक लागलीया.”

ट्रॅक्टरनं धूर सोडला. ट्रॉलीत हरिओम योगिताजवळ बसला. तिचे पाय चाचपले. ऊबदार होते. पोर शिळी भाकर मागत होती. मागं कठडं लहान होत गेलं. वाऱ्यात गवताचा वास होता, नुसत्या गवताचा. सुटली पोर.

अर्ध्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं.

“योगे, मनिषाच्या नावावर कोण बोललं?”

“कुणीच न्हाई. चिप व्हते सगळे.”

“मग ते हाय?”

“ते तुझ्या नावाला. आईनं तुझं नाव घेतलं न्हाई का?”

त्यानं ओठावरून जीभ फिरवली. दात रुतलेली जागा अजून ओली होती. आपलं नाव त्यानं ऐकलंच नव्हतं. त्याचं तोंड उघडलंच नव्हतं.

“तू बोललीस माझ्या नावाला?”

“मी कावून बोलू? तूच बोललास. आवाज जरा बारीक आला, एवढंच.”

त्यानं आईकडं बघितलं. कडूबाई चाकाखाली पळणारी वाट बघत होती. तिनं मान वळवली नाही.

पाच कोसावर, एका पडीक रानात, लिंबाच्या झाडांपाशी ट्रॉली उभी राहिली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मेंढरं घेऊन आप्पाराव अजून मागं होता. हरिओमनं प्लेट उघडली, फाळक्याला बांधली, दगड लावला, वायर जोडली. एकेचाळीस. तो तिथंच बसून राहिला. रोजची वेळ आली आणि गेली. एकेचाळीस. कुणी आलं नाही. त्याला हलकं वाटलं, आणि रिकामंही वाटलं. डोळे पुसत तो उठला आणि सवयीनं, दोरी ताणायला, प्लेटच्या पुढ्यातून गेला.

एकेचाळीस.

तो थांबला. सूर्याकडं पाठ करून प्लेटसमोर नीट उभा राहिला. एकेचाळीस. मीटर अडकला असंल. त्यानं टिचकी मारली.

“योगे, जरा हितं उभी ऱ्हा.”

योगिता भाकर चावत आली, उभी राहिली. नऊ.

“सरक.”

एकेचाळीस.

त्यानं दोन्ही हात पसरले आणि वाकून आख्खी प्लेट छातीनं झाकली. तापलेली काच सदऱ्यातून चटके देत होती. दुपार गप्प होती. मानेवर ऊन लागत होतं, आणि तेच ऊन छातीखालच्या काचेवरही पडत होतं. तिरप्या डोळ्यानं त्यानं मीटर बघितला. एकेचाळीस.

योगिता भाकरीचा घास हातात तसाच धरून त्याच्याजवळ आली. नाक ओढलं. परत एकदा ओढलं.

“दादा,” ती म्हणाली, “तुझ्या अंगाला कांद्याचा वास कावून यायलाय?”